सिनेटरची रोजनिशी

अमेरिकेच्या सिनेटपुढे 2 नोव्हेंबर 1993 रोजी मतदानाला आलेला ठराव त्या सभागृहाच्या दोनशे वर्षांच्या रीतीत बसणारा नव्हता. आपल्यातल्याच एका सदस्याची खासगी रोजनिशी त्याच्या मर्जीविरुद्ध मिळवण्यासाठी कोर्टाची पायरी चढायची का, हे सिनेटरांना ठरवायचे होते. चर्चा दोन दिवस चालली आणि ती टीव्हीवरून देशभर दिसली. अखेर ठरावाच्या बाजूने 94 आणि विरोधात 6 मते पडली. रोजनिशी होती ऑरेगन राज्याचे रिपब्लिकन सिनेटर बॉब पॅकवुड यांची. आठ हजारांहून अधिक टंकलिखित पानांच्या त्या दप्तरात चोवीस वर्षांचे राजकारण होते, बंद दाराआडच्या गप्पा होत्या आणि स्त्रियांशी केलेल्या वर्तनाच्या नोंदीही होत्या.

हे प्रकरण लोकांच्या लक्षात राहिले ते लफडे म्हणून. पण त्याच्या तळाशी एक जुना प्रश्न होता. लोकांनी निवडून दिलेला माणूस पदावर असताना जे लिहितो, साठवतो, ते कागद कोणाचे? त्याचे स्वतःचे, की ज्यांनी त्याला निवडले त्यांचे?

कागदांची मालकी

या प्रश्नाचे अमेरिकेतले उत्तर फार काळ सरळ होते. कागद ज्याचे त्याचे. पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन पद सोडताना आपली कागदपत्रे माउंट व्हर्नन या आपल्या इस्टेटीवर घेऊन गेले आणि पुढच्या अध्यक्षांनीही तीच वाट धरली. कोणाचे कागद वारसांनी जपले, कोणाचे विकले गेले, कोणाचे जळाले. या रूढीला धक्का बसला तो रिचर्ड निक्सन यांच्या काळात. वॉटरगेट प्रकरणात व्हाइट हाउसमधल्या संभाषणांच्या ध्वनिफिती हाच मुख्य पुरावा ठरला. त्या फिती सरकारी वकिलांच्या हवाली कराव्यात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै 1974 मध्ये एकमताने दिला आणि पुढच्याच महिन्यात निक्सन पायउतार झाले. जाताना हे सगळे साहित्य ते स्वतःबरोबर नेतील आणि नष्ट करतील, अशी धास्ती वाटल्यामुळे काँग्रेसने त्याच वर्षी खास कायदा करून ते सरकारच्या ताब्यात ठेवले. 1978 च्या कायद्याने तर पुढच्या सर्वच अध्यक्षांचे अधिकृत कागद राष्ट्राच्या मालकीचे झाले.

मात्र हा कायदा करणाऱ्या काँग्रेसने स्वतःला त्यातून वगळले. सिनेटच्या समित्यांचे कागद सिनेटचे असतात आणि कालांतराने राष्ट्रीय अभिलेखागारात जातात. पण सिनेटरच्या स्वतःच्या कार्यालयातले कागद, म्हणजे मतदारांची पत्रे, भाषणांचे खर्डे, सहायकांची टिपणे, निवडणुकीचे हिशेब, टाचणवह्या आणि रोजनिश्या, ही त्याची खासगी मालमत्ता मानली जाते. तो ती विद्यापीठाला देऊ शकतो, वीस-तीस वर्षे कुलूपबंद ठेवायला सांगू शकतो, वाटल्यास बंबात घालू शकतो. पुष्कळांनी आपले दप्तर आपापल्या राज्यातल्या विद्यापीठांना दिले. फुलब्राइट यांचे कागद आर्कान्सात आहेत, रिचर्ड रसेल यांचे जॉर्जियात, माइक मॅन्सफील्ड यांचे मोंटानात. विसाव्या शतकातल्या अमेरिकेचा इतिहास लिहिणाऱ्याला या संग्रहांवाचून पुढे जाता येत नाही.

म्हणजे सिनेटरचे दप्तर इतिहासाला मिळते ते कायद्याने नव्हे, सिनेटरच्या मर्जीने. पॅकवुड प्रकरण उभे राहिले ते या पायावर.

ऑरेगनचा सिनेटर

रॉबर्ट विल्यम पॅकवुड यांचा जन्म 1932 चा, पोर्टलंडचा. त्यांचे पणजोबा 1857 साली ऑरेगनची राज्यघटना तयार करणाऱ्या परिषदेचे सदस्य होते. पॅकवुड यांनी सेलमच्या विलामेट विद्यापीठातून पदवी घेतली, न्यूयॉर्क विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेतले, परत येऊन वकिली केली आणि तिशीतच राज्याच्या विधिमंडळात प्रवेश केला. 1968 साली ते सिनेटच्या निवडणुकीला उभे राहिले तेव्हा समोर वेन मोर्स होते. अमेरिकेला व्हिएतनाम युद्धात लोटणाऱ्या 1964 च्या टोंकिन ठरावाला सिनेटमध्ये दोघांनीच विरोध केला होता, त्यांतले हे एक. अशा दिग्गजाला छत्तिशीच्या पॅकवुड यांनी काही हजार मतांच्या निसटत्या फरकाने हरवले.

सिनेटमध्ये त्यांनी लवकरच नाव काढले. गर्भपात कायदेशीर करण्याचे विधेयक त्यांनी 1970 मध्येच मांडले. या विषयावरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यानंतर तीन वर्षांनी आला. वॉटरगेटच्या काळात, नोव्हेंबर 1973 मध्ये, लोकांचा तुमच्यावर विश्वास उरलेला नाही, असे त्यांनी स्वतःच्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना तोंडावर सांगितले. 1986 ची मोठी करसुधारणा अर्थ समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी तडीस नेली. विधेयक बुडणार अशी चिन्हे असताना आपल्या मुख्य सहायकाला घेऊन ते एका आयरिश पबमध्ये बसले. सवलती आणि पळवाटा जवळपास सगळ्या काढून टाकायच्या आणि त्या बदल्यात कराचे दर खाली आणायचे, हा नवा आराखडा त्या बैठकीत बिअरच्या साथीने ठरला. अर्थ समितीने तो 20 विरुद्ध 0 मतांनी उचलून धरला. अंतिम कायद्याने व्यक्तिगत प्राप्तिकराचा वरचा दर 50 टक्क्यांवरून 28 टक्क्यांवर आला.

स्त्रियांच्या हक्कांचे कैवारी अशी त्यांची ख्याती होती. त्यांच्या कार्यालयात मोठ्या जबाबदारीच्या जागांवर स्त्रिया होत्या. सर्वोच्च न्यायालयासाठी रॉबर्ट बोर्क यांचे नाव 1987 मध्ये आणि क्लॅरेन्स थॉमस यांचे 1991 मध्ये पुढे आले, तेव्हा पॅकवुड यांनी पक्षाची ओळ मोडून दोन्ही वेळा विरोधात मत दिले. स्त्रियांच्या संघटना त्यांच्या पाठीशी असत आणि निवडणुकीला पैसाही देत.

याच सगळ्या काळात ते रोजनिशी सांगत होते. सांगत होते म्हणजे शब्दशः बोलून. 1969 पासूनची त्यांची सवय अशी, की दिवसभरात घडलेले टेपरेकॉर्डरवर बोलायचे आणि एका विश्वासू सहायिकेने ते टंकलिखित करायचे. त्यात कोण काय म्हणाले, कोणाला किती मते मिळतील, देणग्या कोठून येतील हे असे. कोणते संगीत ऐकले, काय शिजवले, किती मद्य घेतले, केस कसे बसले हेही असे. आणि कोणत्या स्त्रीबरोबर काय झाले, तेही असे. आपण नोंदवतो आहोत तो इतिहास आहे, अशी त्यांची खात्री होती.

दहा स्त्रियांचे म्हणणे

ऑक्टोबर 1991 मध्ये क्लॅरेन्स थॉमस यांच्या नेमणुकीवर सुनावणी झाली. थॉमस यांनी आपला लैंगिक छळ केल्याची साक्ष अनिता हिल या कायद्याच्या प्राध्यापिकेने दिली. समोर बसलेल्या समितीत चौदाच्या चौदा पुरुष होते. ते दृश्य देशभरातल्या स्त्रियांनी पाहिले आणि त्याचा राग पुढच्या निवडणुकीत उतरला. 1992 मध्ये एकाच वेळी चार नव्या स्त्रिया सिनेटवर निवडून आल्या. आपण बोललो तर कोणी तरी ऐकेल, असे अनेकींना पहिल्यांदाच वाटू लागले.

फ्लॉरेन्स ग्रेव्ह्ज ही मुक्त पत्रकार त्या सुमारास काँग्रेसमधल्या लैंगिक छळावर माहिती गोळा करत होती. तिच्या कानावर पॅकवुड यांचे नाव पुन्हा पुन्हा येत गेले. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने तिच्या जोडीला चार्ल्स शेपर्ड हा आपला बातमीदार दिला. निवडणुकीपूर्वी काही दिवस पत्राने पॅकवुड यांना या आरोपांबद्दल विचारले. त्यांनी सगळे नाकारले आणि उलट काही तक्रारदार स्त्रियांच्या चारित्र्याविषयी शंका निर्माण करणारा मजकूर पत्राकडे पाठवला. बातमी लांबली. 3 नोव्हेंबरला पॅकवुड पाचव्यांदा निवडून आले.

बातमी छापून आली ती 22 नोव्हेंबर 1992 रोजी. माजी कर्मचारी, प्रचारातल्या कार्यकर्त्या आणि कामानिमित्त भेटलेल्या अशा मिळून दहा स्त्रियांचे म्हणणे तिच्यात होते. जबरदस्तीने चुंबन घेणे, अंगचटीला येणे, नको म्हटल्यावरही न थांबणे, असे प्रकार त्यांनी सांगितले होते. ऑरेगनमध्ये संताप उसळला. त्यातला काही ‘द ऑरेगोनियन’ या पोर्टलंडच्या जुन्या दैनिकावरही निघाला, कारण पॅकवुड यांचा असाच अनुभव त्या पत्राच्या एका स्त्री बातमीदारालाही आलेला होता आणि तरीही बातमी दुसऱ्या किनाऱ्यावरच्या पत्राने दिली होती. ऑरेगनकरांच्या जिव्हाळ्याचे ते सारे आमच्याकडे, अशा अर्थाचे त्या दैनिकाचे घोषवाक्य होते. लोकांनी त्यातले दैनिकाचे नाव काढून तिथे ‘वॉशिंग्टन पोस्ट’ घातले आणि तसे स्टिकर मोटारींना लावले.

10 डिसेंबरला पॅकवुड पत्रकारांसमोर आले. आपले वागणे चुकीचे होते, आपल्या ते लक्षातच आले नव्हते, असे म्हणून त्यांनी माफी मागितली. पण नेमकी कोणती कृत्ये आपण कबूल करतो आहोत, हे सांगितले नाही. मद्यपानावर उपचारही घेतले. मतदारांची फसवणूक करून मिळवलेली ही जागा त्यांना देऊ नये, असा अर्ज ऑरेगनच्या काही नागरिकांनी सिनेटकडे केला. तो सिनेटच्या नियम समितीने 1993 च्या मे महिन्यात फेटाळला. आता उरली सदस्यांच्या वर्तनाची चौकशी करणारी सिनेटची एथिक्स कमिटी. हिच्यात दोन्ही पक्षांचे तीन-तीन, असे सहा सदस्य असतात. त्या वेळी नेवाडाचे डेमोक्रॅट रिचर्ड ब्रायन तिचे अध्यक्ष होते, केंटकीचे रिपब्लिकन मिच मॅकॉनेल उपाध्यक्ष, आणि मेरिलंडच्या बार्बरा मिकुल्स्की या तिच्यातल्या एकट्या स्त्री सदस्य.

जबाबात निघालेला विषय

1993 च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला कमिटीच्या वकिलांनी पॅकवुड यांचा शपथेवर जबाब घेतला. उत्तरे देता देता त्यांनी स्वतःच आपल्या रोजनिशीचा उल्लेख केला. एखादी घटना घडली की नाही, याला तिच्यातल्या नोंदींचा आधार आहे, असा त्यांचा रोख होता. चोवीस वर्षांच्या लेखनाला आपण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करतो आहोत, याचे भान त्यांना त्या क्षणी राहिले नसावे. कमिटीने रोजनिशी मागितली.

सुरुवातीला तडजोड झाली. वकिलांशी झालेले बोलणे, प्रकृती आणि कुटुंब यांविषयीचा मजकूर झाकायचा आणि बाकीची पाने कमिटीच्या माणसांनी वाचायची, असे ठरले. सुमारे 5,000 पाने याप्रमाणे वाचून झाली. तेवढ्यात त्यांना भलत्याच नोंदी सापडल्या. पॅकवुड यांचा घटस्फोट होऊ घातला होता. पत्नीला कमाई असेल तर पोटगी कमी द्यावी लागेल, या हिशेबाने त्यांनी आपल्याकडे कामे घेऊन येणाऱ्या उद्योगपतींना आणि लॉबिस्टांना तिला काम देण्याविषयी सुचवले होते, असा त्या नोंदींचा अर्थ निघत होता. अर्थ समितीचा वजनदार सदस्य अशी विनंती करतो, तेव्हा तिच्याकडे साधी विनंती म्हणून पाहता येत नाही. कमिटीने या पानांच्या प्रती मागितल्या. पॅकवुड यांच्या वकिलांनी नकार दिला आणि पुढची पानेही रोखली. कमिटीने समन्स काढले आणि ते कोर्टामार्फत अमलात आणण्यासाठी प्रश्न सभागृहापुढे नेला.

या टप्प्यावर आणखी एक गोष्ट घडली आणि वातावरण बिघडले. रोजनिशीत इतर काही काँग्रेस सदस्यांच्या खासगी भानगडींचेही उल्लेख आहेत, असे पॅकवुड यांच्या बाजूने सूचित झाले. हा इशारा नाही आणि ब्लॅकमेल तर नाहीच, असे त्यांनी सांगितले. पण आपल्यावर डोळे वटारले जात आहेत, अशी अनेक सिनेटरांची भावना झाली.

सभागृहातली चर्चा त्यामुळे दोन पातळ्यांवर चालली. पॅकवुड यांचा मुद्दा खासगीपणाचा होता. माणसाने स्वतःशी बोललेले शब्द सरकार जबरदस्तीने वाचू लागले तर कोणाचीच खोली सुरक्षित राहणार नाही, मूळ तक्रारीशी संबंध नसलेली पाने कमिटीला कशाला हवीत, असे ते विचारत होते. हा मुद्दा पोकळ नव्हता आणि काही सदस्यांना पटलाही. समोरच्या बाजूचे म्हणणे असे, की पुराव्याचा कोणता भाग द्यायचा हे चौकशी ज्याची चालू आहे त्यानेच ठरवायचे म्हटले, तर ती चौकशीच राहत नाही. चर्चेत सर्वांत घणाघाती भाषण झाले ते वेस्ट व्हर्जिनियाच्या रॉबर्ट बर्ड यांचे. ते सिनेटचे माजी बहुमत नेते आणि सिनेटचा इतिहास लिहिणारे जाणकार. सभागृहाची अब्रू राखण्यासाठी पॅकवुड यांनी मानाने निघून जावे, असे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले. तेव्हा सिनेटमध्ये सात स्त्रिया होत्या आणि अनिता हिल यांच्या सुनावणीला दोनच वर्षे झाली होती. पुरुषांचा क्लब आपल्या माणसाला पाठीशी घालतो, हा आरोप पुन्हा ओढवून घ्यायला फारसे कोणी तयार नव्हते. मतदानाचे 94 आणि 6 हे आकडे त्यातून आले.

कोर्ट आणि कॅसेटी

पॅकवुड राजीनाम्यापर्यंत आले होते. पण नोव्हेंबरमध्येच न्याय खात्यानेही रोजनिशीसाठी समन्स काढले आणि त्यांनी विचार बदलला. त्यानंतर जे उघड झाले, ते मूळ आरोपांइतकेच गंभीर निघाले. अलीकडच्या काळातल्या काही कॅसेटी अजून टंकलिखित व्हायच्या होत्या. त्यांत पॅकवुड यांनी फेरफार केला होता. काही मजकूर पुसला होता आणि काही ठिकाणी नवा बोलून भरला होता. हे घडले तेव्हा रोजनिशी कमिटीला लागेल याची कल्पना त्यांना होती किंवा असायला हवी होती, असा निष्कर्ष कमिटीने पुढे काढला. टंकलेखन करणाऱ्या सहायिकेची साक्ष यात महत्त्वाची ठरली.

डिसेंबर 1993 मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी रोजनिशी आणि कॅसेटी कोर्टाच्या ताब्यात देण्याचा हुकूम केला. 24 जानेवारी 1994 रोजी त्यांनी मुख्य निकाल दिला आणि समन्स वैध ठरवले. पॅकवुड यांनी घटनेच्या चौथ्या आणि पाचव्या दुरुस्तीचा आधार घेतला होता. चौथी दुरुस्ती अवाजवी झडतीपासून संरक्षण देते आणि पाचवी स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून. 1886 च्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगी कागदांना असे संरक्षण दिले होते. पण 1976 पर्यंत त्या निकालाची धार बोथट झाली होती. माणसाने स्वखुशीने जे लिहून ठेवले, त्यातला मजकूर सक्तीच्या साक्षीत मोडत नाही, असे न्यायालय मानू लागले होते. पॅकवुड यांना कोणी रोजनिशी लिहायला लावली नव्हती. शिवाय आपल्या बचावासाठी ती पुढे करणारे तेच होते. वरच्या कोर्टात त्यांना स्थगिती मिळाली नाही आणि मार्च 1994 मध्ये सरन्यायाधीश विल्यम रेनक्विस्ट यांनीही हस्तक्षेपाला नकार दिला.

खासगी मजकूर झाकण्याचे काम एका त्रयस्थाकडे सोपवले गेले. माजी न्यायाधीश आणि माजी सॉलिसिटर जनरल केनेथ स्टार हे ते त्रयस्थ. अध्यक्ष क्लिंटन यांच्या चौकशीमुळे पुढे सगळ्या जगाला माहीत झालेले ते हेच स्टार.

अखेरचे वर्ष

नोव्हेंबर 1994 च्या निवडणुकीत सिनेटचे बहुमत रिपब्लिकनांकडे गेले. जानेवारी 1995 मध्ये, डोक्यावर चौकशी असतानाच, पॅकवुड पुन्हा अर्थ समितीच्या अध्यक्षपदी बसले. कर, आरोग्य आणि कल्याणकारी योजनांची मोठी विधेयके पुढे होती. पक्षाला त्यांची गरज होती. एथिक्स कमिटीचे अध्यक्षपद आता मॅकॉनेल यांच्याकडे आले होते. आपल्याच पक्षाच्या ताकदवान सहकाऱ्याची चौकशी ते पातळ करतील, असा अनेकांचा कयास होता.

तो खोटा ठरला. मे 1995 मध्ये कमिटीने आपले प्राथमिक निष्कर्ष जाहीर केले. 1969 ते 1990 या काळातल्या लैंगिक गैरवर्तनाच्या 18 घटना, त्यांत 17 स्त्रिया, पुराव्यात फेरफार, आणि पत्नीसाठी लॉबिस्टांकडे कामाची मागणी. तिन्ही बाबतींत विश्वासार्ह पुरावा असल्याचे कमिटीने म्हटले. मग वाद सुरू झाला तो जाहीर सुनावणीचा. ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियाच्या बार्बरा बॉक्सर यांनी तशी मागणी सभागृहात मतदानाला आणली. ती 52 विरुद्ध 48 मतांनी फेटाळली गेली. त्याच सुमारास आणखी तक्रारी आल्या. त्यांतली एक स्त्री घटनेच्या वेळी अल्पवयीन होती. आतापर्यंत जाहीर सुनावणीला विरोध करणाऱ्या पॅकवुड यांनी महिनाअखेर एकदम कोलांटी घेतली आणि स्वतःच ती मागितली. मुद्दाम वेळ काढला जातो आहे, अशी त्यामुळे सदस्यांची खात्री पटली.

6 सप्टेंबर 1995 रोजी कमिटीने 6 विरुद्ध 0 मतांनी हकालपट्टीची शिफारस केली. सिनेटमधून यापूर्वी हकालपट्टी झाली होती ती यादवी युद्धाच्या काळात, 1862 मध्ये. दुसऱ्या दिवशी कमिटीने जमवलेला पुरावा, दहा हजारांवर पाने, लोकांसमोर आला आणि त्याच दिवशी पॅकवुड यांनी सभागृहात राजीनामा जाहीर केला. हाती असलेली विधेयके संपवायला त्यांना तीन महिने हवे होते. त्यांना 1 ऑक्टोबरपर्यंतचीच मुदत मिळाली आणि अर्थ समितीचे अध्यक्षपद त्याआधीच सोडावे लागले.

पुराव्यात रोजनिशीचे उतारे होते आणि वर्तमानपत्रांनी ते भरभरून छापले. आत्मप्रौढी, केसांची चिंता आणि मद्याचे हिशेब यांवर लोक हसले. पण काही नोंदी हसण्यावारी नेण्यासारख्या नव्हत्या. टेक्सासचे सिनेटर फिल ग्रॅम पक्षाच्या सिनेट प्रचार समितीचे प्रमुख असताना त्यांच्याशी झालेल्या एका बैठकीची नोंद त्यात होती. ऑरेगनमध्ये पक्षबांधणीच्या नावाने एक लाख डॉलर वळवण्याचे बोलणे झाले आणि ते बाहेर पडले तर सगळेच अडचणीत येतील, असा तिचा आशय होता. बेकायदा काही झाले नाही, असे ग्रॅम यांनी सांगितले. न्याय खात्यानेही पॅकवुड यांच्यावर फौजदारी खटला भरला नाही. तरी निवडणुकीचा पैसा कसा फिरतो, हे आतल्याच माणसाच्या तोंडून ऐकण्याची संधी लोकांना क्वचितच मिळते.

मागे काय उरले

लगेच दिसलेला परिणाम राजकीय होता. पॅकवुड यांच्या जागेसाठी जानेवारी 1996 मध्ये सर्वस्वी टपालाने मतदान झाले. सिनेटची अशी निवडणूक अमेरिकेत पहिलीच. तीत डेमोक्रॅट रॉन वायडन विजयी झाले. पुढे पॅकवुड यांच्या अर्थ समितीचे अध्यक्षपदही वायडन यांच्याकडे आले. पॅकवुड स्वतः लॉबिंगच्या व्यवसायात शिरले आणि करविषयक जाणकार म्हणून वॉशिंग्टनमध्ये त्यांना मागणी राहिली. इतर नोकरदारांना लागू असलेले कामगार कायदे काँग्रेसलाही लागू करणारा कायदा जानेवारी 1995 मध्ये झाला होता. त्याची गरज का होती, हे या प्रकरणाने पुराव्यासह दाखवले.

दुसरा परिणाम कागदांवर झाला, आणि तो वाईट होता. त्याआधी इराणला गुपचूप शस्त्रे विकल्याच्या इराण-कॉन्ट्रा प्रकरणात माजी संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर यांची टिपणे तपासी वकिलांना लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली होती. त्यांनी स्वतःच ती तिथे ठेवली होती. त्यांतून 1992 मध्ये त्यांच्यावर आरोपपत्र आले आणि वर्षअखेर अध्यक्ष बुश यांच्या माफीने ते सुटले. पॅकवुड यांच्यानंतर लगेच, 1994 मध्ये, अर्थखात्यातल्या एका तरुण अधिकाऱ्याची रोजनिशी क्लिंटन दांपत्याच्या जमीनव्यवहारावरच्या व्हाइटवॉटर चौकशीत मागवली गेली. तिच्यातल्या काही नोंदी नेमक्या नाहीत, असे त्याला सिनेटसमोर सांगावे लागले. या तिन्ही घटनांचा धडा वॉशिंग्टनने झटकन घेतला. तो म्हणजे लिहून ठेवू नका. ज्या पानांवर पुढच्या पिढ्यांनी इतिहास रचायचा, ती पाने यापुढे कोरी राहण्याची सोय झाली.

मालकीचा कायदा मात्र होता तसाच राहिला. सदस्यांनी आपले कागद नीट जपावेत आणि संशोधनासाठी द्यावेत, असे आवाहन करणारा ठराव काँग्रेसने 2008 मध्ये संमत केला. पण तो कोणावर बंधनकारक नाही. सिनेटरचे दप्तर आजही सिनेटरचेच आहे. पॅकवुड यांची वैयक्तिक आणि राजकीय कागदपत्रे आज सेलममध्ये, ते जिथे शिकले त्या विलामेट विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. 1986 च्या करसुधारणेचा किंवा गर्भपाताच्या हक्कासाठी झालेल्या संसदीय लढाईचा अभ्यास करणाऱ्याला तिकडे वळावेच लागेल. एका माणसाच्या बदनामीमुळे त्याच्या कागदांचे मोल कमी होत नाही.

पॅकवुड यांना त्यांच्या रोजनिशीने खाली ओढले, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. रोजनिशीचे नावही कोणी ऐकले नव्हते, तेव्हा दहा स्त्रिया बोलल्या होत्या आणि चौकशी संपेपर्यंत त्यांची संख्या वाढतच गेली. नोकरी, नाव आणि मनःशांती पणाला लावून त्यांनी दिलेल्या साक्षी हाच या चौकशीचा कणा होता. कागदांनी एवढेच केले, की आरोप नाकारत राहण्याची वाट बंद केली. आणि कॅसेटींतल्या फेरफाराने पॅकवुड यांनी उरलेला विश्वासही आपल्या हाताने घालवला.

रोजनिशी लिहिणे हा गुन्हा नव्हता आणि ती खासगी ठेवणे हाही नव्हता. जबाबात तिला आपल्या बाजूची साक्षीदार म्हणून उभी करायची आणि उलटतपासणीची वेळ आली की तिचा दरवाजा लावून घ्यायचा, हे सिनेटने चालू दिले नाही, कोर्टानेही नाही. ते योग्यच झाले. पण असा प्रश्न पुन्हा आला तर त्याचा निवाडा पुन्हा प्रकरणागणिकच होईल, कारण अध्यक्षांच्या कागदांसाठी कायदा करणाऱ्या काँग्रेसने स्वतःच्या सदस्यांच्या कागदांसाठी तसा कायदा अजूनही केलेला नाही.